तुळसाचं काय केलंत

"सही हवीय का गं?" दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक पाहून विचारलं.

"सही नको," मी म्हणाले. "तक्रार आहे."

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. आत वळून म्हणाल्या, "अहो, तुमच्या पुस्तकाची तक्रार घेऊन एक मुलगी आलीय."

"येऊ दे," आतून आवाज आला. "निदान तक्रार करायला तरी कुणीतरी आलं."

मी चपला काढल्या आणि तेरणीकर सरांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं. तेव्हा मी आठवीत होते. रोज आमच्या कुरणेवाडीहून एस.टी.नं तालुक्याच्या हायस्कुलात यायचे आणि रोज मुद्दाम वळसा घालून या घरावरून जायचे. या घरात 'काळवटीच्या रानात' लिहिलं गेलं, या खिडकीशी तुळसा जन्मली, असं मनात म्हणत कधी थांबायचेही. आत जायचा धीर मात्र कधी झाला नव्हता. त्या दिवशी शेवटच्या तासाला दांडी मारून आले ती नुसत्या संतापाच्या जोरावर. रागाला एक बरं असतं, तो लाज वाटू देत नाही.

तुळसा कोण ते सांगायला हवं. बारा वर्षांची पोर. कळपातलं रेडकू चुकलं म्हणून ते शोधायला काळवटीच्या रानात शिरते आणि वाट हरवते. पुढचे कितीतरी दिवस ती तिथंच काढते. उंबरं खाते, घळीत झोपते, अस्वल दिसलं की श्वास धरून उभी राहते. तिला चकवा लागतो, म्हणजे कितीही चाललं तरी माणूस फिरून त्याच झाडापाशी येतं, तसं होतं. तेव्हा ती झगा उलटा करून घालते आणि जागच्या जागी बसते. 'चकव्यात जो चालतो तो हरवतो, जो बसतो तो सापडतो,' असं तिला आजोबांनी सांगितलेलं असतं. शेवटी रेडकू घेऊन ती स्वतःच्या पायांनी घरी येते. कुणी सोडवायला येत नाही. हे पुस्तक मी वाचनालयातून इतक्या वेळा नेलं की ग्रंथपालांनी कंटाळून माझ्या नावावर लिहिणंच सोडून दिलं होतं.

दुसरा भाग येणार हे कळल्यापासून मी नुसती वाट बघत होते. आणि तो आणला कुणी, तर आप्पांनी. माझे वडील वीज मंडळात वायरमन होते. खांबावर चढायचे, तारा ओढायचे, घरी येऊन जेवून झोपायचे. त्या माणसानं जन्मात पुस्तक विकत आणलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी पिशवीतून 'पुन्हा काळवटीच्या रानात' काढून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, "वाच. मी बघितलंय. बरं हाय." मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते.

रात्र सरायच्या आत पुस्तक वाचून संपलं आणि मला रडू आलं ते दुःखानं नाही, चिडून.

"बस," सर म्हणाले. ते आरामखुर्चीत होते, मांडीवर वर्तमानपत्र. मी मनात धरलं होतं त्याहून पुष्कळ म्हातारे आणि बारीक. "कशाबद्दल आहे तक्रार?"

"तुळसाचं काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"तिला बावळट केलंत." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "पहिल्या भागात ती एकटी जाते. दुसऱ्यात सहल जाते. सहल, सर. काळवटीच्या रानात. वर तो माधवकाका. त्याच्या पिशवीत बॅटरी, शिट्टी, दोरी, औषधं, थर्मास. रानात काही व्हायला लागलं की हा पुढं. अस्वल आलं की, 'थांबा मुलांनो.' ओढ्याला पाणी आलं की, 'थांबा मुलांनो.' आणि ती सगळी थांबतात. तुळसासुद्धा थांबते. थर्मासातलं दूध पिते. गवा दुर्बिणीतून बघते."

बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

"जाणता माणूस बरोबर असावा," सर म्हणाले. "त्यात वाईट काय आहे?"

"मग पुस्तक कशाला लिहायचं? जाणता माणूस आमच्या घरी पण आहे."

बाईंना हसू आलं. सरांना नाही. ते म्हणाले, "पुष्कळ शाळांनी घेतलंय हे पुस्तक. पहिलं कुणी घेत नव्हतं. शिक्षकांची पत्रं आली, संस्कारक्षम आहे म्हणून."

"शिक्षकांची आली. मुलांची किती आली?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मला वाटलं, आता हाकलतील. पण मग हाकलायच्या आत सगळं बोलून घ्यावं म्हणून मी पुस्तक उघडून शेवटचं पान त्यांच्यापुढं धरलं. "आणि हे. 'मोठ्यांना विचारल्याशिवाय मी पुन्हा कधी रानात पाऊल टाकणार नाही, असं वचन तुळसानं सर्वांसमोर दिलं. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.' सर, तुळसा असं बोलेल? रेडकासाठी जी काट्याकुट्यातून सरपटत गेली ती? कुणीतरी बोललं असेल, पण ती तुळसा नाही. तिचं नाव घेतलेली दुसरीच कुणीतरी पोरगी आहे."

"मुली," सर शांतपणानं म्हणाले, "गोष्ट वाचणं सोपं असतं."

"मला माहीत आहे. पण चकवा? चकव्याला का खोटं पाडलंत? माधवकाका म्हणतो, ही अंधश्रद्धा, होकायंत्र वापरा. रानात चुकलेल्या पोरीकडं होकायंत्र कुठलं? पहिल्या भागात लिहिलंत ते खरं आहे. बसायचं असतं. मला लागला होता चकवा, मी बसले म्हणून तर..."

"कुठं?" सरांनी मला मध्येच तोडलं.

"काय कुठं?"

"कुठं लागला होता चकवा तुला?"

"आमच्या मागच्या रानात. कुरणेवाडीच्या."

सर खुर्चीत सरळ झाले. वर्तमानपत्र मांडीवरून घसरून खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही. बाईंनी तांब्या कपाटावर ठेवला आणि त्या पदर तोंडाशी धरून माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, गावाचं नाव घेऊन मी काहीतरी भलतंच केलं.

"कुरणेवाडीची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी रानात हरवली होती," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वायरमनची मुलगी. ती तुझी कोण?"

"कोण म्हणजे? मीच ती. शालन पोवार."

बाई मटकन खाली बसल्या. "बघा," त्या म्हणाल्या. "बघा, मी काय म्हणत होते."

सर नुसते माझ्याकडं बघत होते. माझ्या वेण्या, दप्तर, पायातली धूळ, सगळं एकेक करून बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला आणि माझा दंड धरून बघितला. मला ते मुळीच आवडलं नाही. माझी तक्रार अजून संपली नव्हती.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं?" मी विचारलं. "आमच्या आप्पांनी? ते इथं आले होते?"

"आले होते," सर म्हणाले. "तू रानात होतीस तेव्हा."

मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की मी दुपारी रानात शिरले, रात्रभर गावानं शोधलं आणि सकाळी आप्पा पहिली एस.टी. धरून तालुक्याला निघून गेले. याबद्दल वाडीत अजून बोललं जायचं. पोटची पोर रानात आणि बाप एस.टी.त बसून गेला, असलं कसलं काळीज म्हणायचं. आप्पांनी कधी त्यावर तोंड उघडलं नाही. पोलिसात गेले असतील, असं आई म्हणायची.

"सकाळी दारात उभे होते," सर सांगू लागले. "पायात चप्पल नव्हती. हातात माझं पुस्तक. मला वाटलं, आता माझी गचांडी धरतील. पण त्यांनी विचारलं, 'हे काळवटीचं रान कुठं हाय तेवढं सांगा. माझी पोरगी ते हुडकायला गेलीया.'"

"मग?"

"मग काय सांगणार? तसं रानच नाही. मी रचलं होतं ते. थोडं इकडचं, थोडं तिकडचं. तेच सांगितलं त्यांना. ते म्हणाले, 'मग माझी पोरगी गेली कुठं?'"

बाई डोळे पुसत होत्या. आप्पांचं ते वाक्य मला आप्पांच्याच आवाजात ऐकू आलं होतं.

"मी त्यांना म्हटलं," सर पुढं म्हणाले, "तिनं हे पुस्तक नीट वाचलं असेल तर ती बसली असेल. चालत नसेल. गावकरी काय करताहेत? ते म्हणाले, हलग्या बडवत फिरताहेत. मी म्हटलं, आधी त्या हलग्या बंद करा. तिनं हाक मारली तरी ऐकू यायची नाही. एकदा हाक मारा आणि गप्प उभे राहून ऐका. ते आले तसे पळत गेले. त्यानंतर आज तू."

आता मात्र माझ्या अंगावर काटा आला. कारण ते तसंच घडलं होतं. आदल्या संध्याकाळपासून मला हलगी ऐकू येत होती, आणि मी घसा बसेपर्यंत ओरडत होते. जवळ येत होती, लांब जात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकाएकी थांबली. मला वाटलं, गावानं माझा नाद सोडला. मग पुष्कळ वेळानं, एकदाच, "शालन". मग सगळं चिडीचूप. मी ओ दिली. पुन्हा "शालन". मी पुन्हा ओ दिली. आप्पा कारवीतून वर आले तेव्हा मी बिब्याच्या झाडाखाली बसले होते आणि माझा झगा उलटा होता. त्यावरून पुढं वाडीतली पोरं मला 'उलटा झगा' म्हणायची.

हे सगळं मी सरांना सांगितलं. ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रडतोय याचा मला संकोच वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. दोन वर्षं या माणसाला साधी चौकशी करता आली नाही?

"मग तुम्ही विचारायला का नाही आलात?" मी विचारलं.

"आले होते की," बाई म्हणाल्या. "सांगा ना तिला. दहाव्याचं सांगा."

"आठ-दहा दिवसांनी निघालो," सर म्हणाले. "तुमच्या फाट्यावर उतरलो. ओढ्याकाठी माणसं जमली होती. एकाचं डोकं नुकतंच भादरलेलं. पिंड मांडले होते, आणि सगळे कावळ्याची वाट बघत होते. कावळा शिवत नव्हता. एक जण म्हणाला, 'कायतरी इच्छा ऱ्हायलीया.' मी मनात म्हटलं, एवढ्याशा पोरीची राहणारच. तिथूनच परत फिरलो."

"मी म्हटलं होतं यांना," बाई म्हणाल्या. "एवढ्या लहान मुलीचा कुणी असा दहावा घालत नाही. दुसऱ्या कुणाचा असेल, जाऊन विचारा. पण ऐकतील तर शपथ. या घरात कुरणेवाडीचं नावसुद्धा काढायची बंदी होती."

मला दहावा आठवला. न आठवून कसं चालेल. "सर, तो धोंडूनानांचा होता," मी म्हणाले. "मी सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. नव्वदीचे होते. कावळा शिवेना म्हणून शेवटी तालुक्याहून जिलेबी आणून ठेवली, तेव्हा लगेच शिवला."

सर आधी नुसते बघत राहिले. मग हसायला लागले. रडणं थांबलेलं नव्हतं आणि त्यातच हसत होते. "जिलेबी," ते बाईंना म्हणाले. "ऐकलंस का, जिलेबी."

बाई माझ्यासाठी लाडू आणायला आत गेल्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, गैरसमज होता तो फिटला. मी मेलेली नाही हे कळलं. माधवकाकाला रानात आणायचं आता काही कारण उरलं नाही.

"मग आता तिसरा भाग लिहा," मी म्हणाले. "त्यात तिला एकटी सोडा. आणि ते वचन मोडायला लावा."

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मी प्रयत्न करत नव्हतो असं वाटतं का तुला? दुसऱ्या भागातसुद्धा पहिल्या प्रकरणात ती एकटीच होती. दहा वेळा लिहिलं. ती रानात शिरली की मला दारातला माणूस दिसायचा. पायात चप्पल नसलेला. मग मी तिच्यामागं कुणालातरी पाठवायचो. असा आला तो माधव."

"पण आता मी आलेय ना."

"तू आलीस," सर म्हणाले. "पण त्या दिवशी दारात जो उभा होता तो अजून तिथंच उभा आहे, त्याचं काय करू?"

"ते माझे आप्पा आहेत. त्यांना काही झालेलं नाही. ते आत्ता कुठंतरी खांबावर असतील."

"बघू," सर म्हणाले.

मोठ्या माणसांचं 'बघू' म्हणजे काय ते तेराव्या वर्षी कळत असतं. तिसरा भाग आला नाही, हे आत्ताच सांगून टाकते. सरांनी पुढं पक्ष्यांवर एक पुस्तक लिहिलं, किल्ल्यांवर एक लिहिलं. दोन्ही मला पाठवली. दोन्ही चांगली होती. मला नको होती.

लाडू खाऊन मी निघाले. एस.टी.त बसले तेव्हा सरांवरचा राग पुष्कळसा उतरला होता, पण तो गेला कुठंच नव्हता. नुसता पुढच्या माणसाकडं सरकला होता. आप्पा त्यांच्याकडं जातात. ते सांगतात तसं करतात. मी सापडते. आणि तालुक्याला रोजचं जाणं-येणं असलेला माणूस, 'पोरगी गावली बरं का,' एवढे चार शब्द सांगायला त्या दारात जात नाही? तेवढ्यावरून एका चांगल्या पुस्तकाची माती झाली. तुळसाची माती झाली. उपकार राहू देत, साधी माणुसकी म्हणून तरी?

आप्पा परसात दगडावर बसून पक्कड आणि पाने रॉकेलनं पुसत होते. दिवस मावळायला अजून वेळ होता. आई पाण्याला गेली होती. मी दप्तर न ठेवताच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, मी तेरणीकर सरांच्या घरी जाऊन आले."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा पुसायला लागले.

"मी मेले असं वाटत होतं त्यांना. दोन वर्षं. धोंडूनानांचा दहावा माझाच समजून परत गेले ते."

"आरारा," आप्पा म्हणाले. हे त्यांनाही नवीन होतं. "मला वाटलं, त्यास्नी कळंल कवातरी कुठनंतरी."

"कुठून कळणार? तुम्ही का सांगितलं नाही जाऊन? सरांनी सांगितलं म्हणून तुम्ही हलगी बंद केलीत. म्हणून मी सापडले. आणि तुम्ही फिरून त्यांच्या दारात गेला नाहीत."

"गेल्तो. दोनदा गेल्तो. कोपऱ्यावरनं माघारी आलो."

"का?"

आप्पांनी पक्कड खाली ठेवली. बोलायची सवय नसलेला माणूस बोलायला लागला की शब्दांसाठी इकडंतिकडं बघतो, तसे ते बघत होते. मी मुळीच मदत केली नाही. मला इतका संताप आला होता.

"सांगितलं आसतं तर त्यो माणूस परत तसलंच लिवला आसता," ते म्हणाले. "म्हनून न्हाई सांगितलं."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे विसरले नव्हते. लाजले नव्हते. जाणूनबुजून त्या म्हाताऱ्याला भीतीत ठेवलं होतं. आणि दुसरा भाग निघाला तेव्हा दुकानात उभं राहून तो चाळला, बघितला की आता हिला कुणी एकटी सोडत नाही, आणि खूश होऊन मला आणून दिला. बरं हाय.

"तुम्हाला काय माहीत तसलं म्हणजे कसलं?" मी ओरडले. "तुम्ही कधी पुस्तक वाचलंय? पहिला भाग हातात धरून गेलात म्हणजे वाचला असं होतं का?"

"वाचला की," आप्पा म्हणाले.

"कधी?"

"तवाच. एस.टी.त." त्यांनी हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. "म्हटलं, बघावं ही गेली कुठं, कायतरी ठावठिकाना आसंल ह्यात. बसाय जागा न्हवती. उभ्यानं वाचाय लागलो. ती पोरगी बसलीया घळीत, अंधार पडलाय, वरनं कायतरी चालल्यालं वाजतंय. मी पान उलटलं. आनिक उलटलं. आन कंडक्टर म्हनाला, 'ओ पोवार, तुमचं स्टँड मागं गेलं की.'"

आप्पांनी फडकं खाली ठेवलं.

"माझी पोरगी रानात," आप्पा म्हणाले, "तुझी आई देवापुढं पडलीया, गाव हलगी बडवतंय, आन मला काळजी कुनाची, तर त्या तुळसाची. पुढच्या फाट्यावनं पळत माघारी आलो. चपला कुठं गेल्या ते बी कळलं न्हाई." त्यांनी पक्कड पुन्हा उचलली. "मी बाप आसून माझं आसं झालं. तू तर लेकरू. तसल्या मानसाला कसं जाऊन सांगायचं, लिव बाबा आनिक म्हनून?"

दप्तराचा पट्टा माझ्या खांद्याला रुतत होता. मी ते खाली ठेवलं आणि त्यांच्या बाजूला दगडावर बसले. राग होताच. पण त्याचं काय करावं ते समजेना. शेवटी मी विचारलं, "घळीच्या पुढं वाचलंत का? ती सुटते कशी, ते?"

"वाचलं."

"कधी?"

"तू गावलीस त्या राती," आप्पा म्हणाले. "तू झोपल्यावर. तुझ्या उशाशी बसून."